पवईला नंबर लागंल का?

“शहाण्णव टक्के पडले म्हणं वहिनीच्या दिदीला!”

काकूंनी ही बातमी तुराट्यांच्या कुंपणावरून आमच्या अंगणात टाकली, तेव्हा त्यांच्या हातात मेथीची जुडी होती. काकू मेथी निवडायला कुंपणाशी आल्या की समजावं, मेथी हे निमित्त आहे.

“टक्के नाहीत काकू, पर्सेंटाईल.”

“काय असंल ते. शहाण्णव म्हंजी शहाण्णव. आता त्या मुंबईच्या पवईला, आयआयटीला, नंबर लागंल का नाही तेवढं सांग. तुमच्या सरांना कळतं त्यातलं.”

आमचे सर म्हणजे आमचे हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण गल्लीनं त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाच्याही लेकराचा कसलाही निकाल लागला की तो कागद चहाच्या आधी आमच्याकडं येतो. हे बाहेर आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि हौदाच्या सिमेंटवर विटेच्या तुकड्यानं आकडा लिहिला: १४,७५,०००.

“२०२५ साली जेईई मेनला जानेवारी आणि एप्रिल मिळून साधारण एवढी पोरं बसली. दिदीला ९६.२ पर्सेंटाईल. म्हणजे शंभरातली शहाण्णव तिच्या मागं आणि जवळजवळ चार पुढं. आता ३.८ टक्के काढा.”

काकू कशाला काढतील. ह्यांनीच खाली लिहिलं: ५६,०००.

काकूंची मेथी थांबली. “छप्पन हजार पोरं हिच्या पुढं?”

“आणि चौदा लाख मागं,” मी म्हणाले. कुणीतरी पोरीची बाजू घ्यायला नको का?

“आणि पवईला किती घेतात?”

“पवईच्या कॉम्प्युटरला खुल्या जागा सत्तरच्या आत संपतात.”

“सत्तर हजार?”

“सत्तर. अख्ख्या देशातली पहिली साठ-सत्तर पोरं. आणि तीही ह्या परीक्षेतली नाहीत. ह्याच्यापुढं आणखी एक परीक्षा आहे, अ‍ॅडव्हान्स्ड. तीन-तीन तासांचे दोन पेपर, एकाच दिवशी.”

“बया!” काकू म्हणाल्या आणि पुन्हा मेथीला लागल्या. पण हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. गल्लीत मेरिट काढायची त्यांची स्वतःची पद्धत आहे आणि ती ह्यांच्या हौदावरच्या गणितापेक्षा जुनी आहे. पोरगी पहाटे चारला लाइट लावायची, हे त्यांनी स्वतः पाहिलंय (काकू चारला का जाग्या होत्या, हे विचारायचं नसतं). पोरीचा मामा हुशार, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. पोरीचा गुरू उच्चीचा. आणि दहावीला सत्त्याण्णव.

“दहावी सोडा,” हे म्हणाले. “२०२५ च्या दहावीला राज्यात शंभरपैकी शंभर टक्के पडलेली २११ पोरं होती. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. आयआयटीवाले दहावीचा मार्क बघतसुद्धा नाहीत.”

“मग बारावी?”

“बारावीला पंच्याहत्तर टक्के पाहिजेत, नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाईलमध्ये नाव पाहिजे. तेवढा उंबरा ओलांडला की झालं. पंच्याहत्तर पडले काय अन् अठ्ठ्याण्णव पडले काय, नंबराला फरक पडत नाही. उंबऱ्याच्या अलीकडं राहिला तर मात्र अ‍ॅडव्हान्स्डमध्ये आलेला रँकही वाया. म्हणून दिदीला म्हणावं, आता बोर्डाच्या पेपरला टंगळमंगळ नको.”

दिदी लातूरला आहे, हे सांगायचं राहिलंच. दोन वर्षं झाली. लातूरला ‘पॅटर्न’ नावाची गोष्ट सुरू झाली ती राजर्षी शाहू महाविद्यालयातून, आणि तेव्हापासून मराठवाड्यातल्या हुशार पोरांचा रस्ता लातूरला जातो. तो खरा डॉक्टरकीसाठी गाजलेला. इंजिनिअरिंगला पूर्वी लोक राजस्थानातल्या कोट्याचं नाव घ्यायचे. आता लातूरलाही जेईईच्या बॅचा निघतात. आमच्याकडं पोरगी एकटी ठेवायची म्हणजे घरात बैठक बसते. शेवटी वहिनीच तिच्याबरोबर खोली करून राहिल्या. इकडं दिदीचे वडील भाऊ आणि आजोबा आबा या बाप-लेकांनी दोन वर्षं स्वतःच्या हातानं भाकरी थापली. पहिल्या महिन्यातल्या त्यांच्या भाकरीला आकार नव्हता, हे काकूंनी गल्लीभर सांगितलं होतं. आता थापतात म्हणे बऱ्या, पण हे काकू सांगत नाहीत.

परवा वहिनी दोन दिवसांसाठी आल्या. पोरीची बारावी तोंडावर असताना आई का आली, ह्यावर गल्लीत दोन तर्क लढवून झाले. खरं कारण निघालं, दाखला. मेनचा निकाल हातात पडताच त्या घाईघाईनं ईडब्ल्यूएसचा दाखला काढायला आल्या होत्या.

इथून खऱ्या गप्पा रंगल्या. कारण नंबराच्या गोष्टीत पोरीच्या डोक्यापेक्षा तलाठ्याच्या दप्तराचा विषय निघाला की सगळ्या गल्लीला तोंड फुटतं.

“ईडब्ल्यूएस कामून?” काकूंनी विचारलं. “तुम्ही मराठे. तुम्हाला एसईबीसीचा दाखला मिळाला ना?”

“तो राज्यापुरता,” वहिनी म्हणाल्या. “फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळानं दहा टक्क्यांचा कायदा केला, तो राज्यातल्या कॉलेजांना. आयआयटी केंद्राची. तिथं तो दाखला दाखवला तर ते म्हणतील, हे काय? तिथं आम्ही ओपन. नाहीतर ईडब्ल्यूएस.”

हे मात्र वहिनींना लातूरच्या खोलीवर कळलं. त्या खोल्यांमधल्या आया ह्या बाबतीत कुठल्याही वकिलाला ऐकत नाहीत. कुणबी नोंदीचाही विषय निघाला, ती सापडली की ओबीसीत जाता येतं. मराठा आंदोलनाची अंतरवाली सराटी आमच्याच जालना जिल्ह्यातली, त्यामुळं नोंद सापडली का, हा प्रश्न इथं तब्येत कशी आहे ह्या चालीवर विचारतात. वहिनींच्या माहेरी नोंद सापडली आहे. पण जात बापाकडून धरतात, म्हणून ती वहिनींच्या भाच्यांच्या कामाची, लेकीच्या नाही.

“आमच्या नातवाचं सांगा,” काकू म्हणाल्या. काकू वंजारी. “त्याचा एनटी-डीचा दाखला आहे. तिकडं चालंल?”

“एनटी-डी हे नावच तिकडं नाही,” हे म्हणाले. “वंजारी काय, बंजारा काय, इथं भटक्या-विमुक्तांत, केंद्राच्या यादीत ओबीसी. नातवाला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमीलेअर दाखला काढावा लागंल. राज्याचा तीन वर्षांचा नॉन-क्रीमीलेअर घेऊन गेलात तर परत पाठवतील.”

काकूंनी मेथीची काडी दाताखाली धरली. त्यांचा नातू अजून नववीत आहे, पण बातमी आतल्या खिशात गेली.

आता ईडब्ल्यूएसची गंमत ऐका. उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असतं. आठ लाख उत्पन्न आमच्या मंठा तालुक्यात कोरडवाहू कापूस-सोयाबीन घेऊन कुणाला दिसलं असेल, तर त्याला आधी माझ्याकडं पाठवा. खरी मेख जमिनीत आहे. कुटुंबाकडं पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असली की उत्पन्न शून्य असलं तरी ईडब्ल्यूएस नाही. २०१९ साली हे आरक्षण आलं तेव्हापासून नियम हाच. बागायत आहे का कोरडवाहू, विहिरीला पाणी आहे का नुसता खड्डा, हे कुणी विचारत नाही. कालव्याच्या पाण्यावरची पाच एकर आणि आमच्या माळावरची पाच एकर एकाच मापानं मोजायची, हे मला तरी कधी पटलेलं नाही. मास्तरीणबाईला कोण विचारतो म्हणा.

आबांची जमीन तेरा एकर. दोन मुलगे. धाकटा तीन वर्षांपासून वाटणी मागतोय आणि आबा “मी जिता हाय तवर सातबारा फुटणार न्हाई” म्हणून बसलेत. दिवाळीला त्यावरून झालेलं भांडण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुराट्यांच्या कुंपणाला आवाज अडत नाही.

ह्यांनी हौदावर नवी जागा शोधली. तेरा भागिले दोन. साडेसहा.

“वाटणी झाली असती तर दिदीच्या बापाच्या नावावर साडेसहा एकर. ईडब्ल्यूएस गेलं. आज त्याच्या नावावर किती?”

“गुंठाभर न्हाई,” वहिनी म्हणाल्या. इतकी वर्षं हीच त्यांची तक्रार होती.

“आणि दाखल्यासाठी कुटुंब म्हणजे पोरगी, तिचे आईबाप आणि अठरा वर्षांखालची भावंडं. आजोबा त्यात धरत नाहीत. घराचा प्लॉटसुद्धा बघतात, तोही आबांच्याच नावावर.”

काकूंना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की कोंबड्या उधळल्या. “म्हंजी आबांनी भावाभावांत भांडण लावून ठेवलं, ते नातीच्या कामाला आलं की!”

आबा ओसरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी ऐकलं असणार. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पारावर त्यांनी हा विषय स्वतःहून काढला आणि वाटणी अडवून धरण्यामागं आपला पहिल्यापासून हाच विचार होता, असं सांगितलं, हे आमच्या ह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

दाखल्यानं फरक किती पडतो? २०२५ साली मेनमधून अ‍ॅडव्हान्स्डला पात्र व्हायला खुल्या गटात ९३.१० पर्सेंटाईल लागले, ईडब्ल्यूएसला ८०.३८. दिदी दोन्हींतून आत आहे. पण पुढं अ‍ॅडव्हान्स्डला १,८०,४२२ पोरं बसली, त्यातली ५४,३७८ रँकच्या यादीत आली आणि तेवीस आयआयटी मिळून जागा १८,१६०. ह्यांनी हे आकडे हौदावर लिहिले नाहीत, जागा उरली नव्हती. तोंडीच सांगितलं: बसलेल्या दहांतल्या एकाला जागा. ईडब्ल्यूएसच्या दहा टक्के धरल्या तर अठराशेच्या आसपास, साऱ्या देशाला मिळून.

एवढ्यात किराणा दुकानवाले दादा मोटारसायकल बंद करून थांबले. ते नेहमी थांबतात. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी हीच परीक्षा देऊन राहिला, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला थोडी धार असते.

“पोरींना काय, फुकटात देतात आता. वीस टक्के राखीव. आमच्या पोरांच्या जागा काढून.”

“काढून नाही दादा,” हे म्हणाले. मास्तरांना चुकीचं वाक्य ऐकवत नाही. “२०१८ पासून पोरींसाठी जागा वाढवल्या. होत्या त्यातल्या काढल्या नाहीत, वर जादा दिल्या. तुमच्या पोराची एकही गेली नाही.”

“पण सोपं तर झालं ना?”

ह्याचं उत्तर मला स्वतःला माहीत नव्हतं, म्हणून मी मध्ये बोलले नाही. ह्यांनी हिशेब मांडला. २०२५ ला रँकच्या यादीत मुली होत्या ९,४०४. एकूण जागांचे वीस टक्के म्हणजे छत्तीसशेच्या वर. म्हणजे यादीत आलेल्या पाच मुलींपैकी दोघींना जागा. मुलगे यादीत पंचेचाळीस हजारांच्या जवळ आणि त्यांच्या वाट्याला साडेचौदा हजार, म्हणजे तिघांतला एक. फरक आहे, पण दादा म्हणतात तेवढा चंगळीचा नाही. खरी चाळण यादीत यायच्या आधीच लागते. चोपन्न हजारांच्या यादीत साडेनऊ हजारसुद्धा मुली नाहीत. लातूरला खोली करून राहायला सगळ्या पोरींच्या आया जाऊ शकत नाहीत आणि सगळ्या बापांना भाकरी थापता येत नाही.

दादा “बघू, बघू” म्हणाले. मोटारसायकल लगेच सुरू झाली नाही, तीन किका माराव्या लागल्या, तेवढ्यात काकूंनी विचारलंच, “तुमचा पोरगा आता काय करायलाय?” दादांनी ऐकलं नाही असं दाखवलं. तो पुन्हा बसतोय हे सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅडव्हान्स्ड दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. २०२४ च्या नोव्हेंबरात तीन वेळा देऊ देणार असं जाहीर झालं आणि पंधरवड्यातच मागं घेतलं. त्या पंधरवड्यात दादा दुकानात वजन भरून द्यायचे.

काकूंची भाची न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाचंही यंदा कॉलेज आहे आणि काकूंना तिथलं सगळं व्हिडिओ कॉलवर समजतं. “तिकडं हार्वर्ड का काय, शंभरातली तीन-चारच पोरं घेतात. पण नुसती परीक्षा नाही. निबंध लिहायचा. शाळेतल्या मास्तरांनी चिठ्ठी द्यायची. पोरगा पोहतो का, वाजवतो का, सगळं बघतात. माझी भाची रोज मैतरणींना विचारती, आमच्या पोराचं होईल का? चान्स किती? प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, पैसे वेगळे. दहा ठिकाणी टाकला तर दहा फिया.”

“तिथं चान्स मोजावाच लागतो,” हे म्हणाले. “अर्जाला पैसे पडतात, निबंधाला रात्री जातात, आणि कोण कशानं घेतला जाईल हे घेणाऱ्यालाच ठाऊक. इथं कशाला मोजायचा?”

आता ह्यांचं हे म्हणणं मला पटायला दोन दिवस लागले, म्हणून नीट सांगते.

आयआयटी आणि एनआयटीच्या जागा जोसा नावाच्या एकाच प्रवेशप्रक्रियेतून भरतात. रँक लागल्यावर पोरानं पसंतीची यादी भरायची. यादीला मर्यादा नाही. शंभर भरा, दोनशे भरा, वेगळे पैसे नाहीत. कॉम्प्युटर वरून खाली वाचत जातं आणि पोराच्या रँकला जी पहिली जागा मिळते ती देतं. वर टाकलेलं मिळालं नाही म्हणून खालच्याला फटका बसत नाही. मग पवईचं कॉम्प्युटर यादीत सगळ्यात वर टाकायला काय जातं? काही जात नाही. नाही मिळालं तर दुसरं, नाही तर तिसरं. मिळालेली जागा फ्रीझ करा, किंवा फ्लोट ठेवून पुढच्या फेरीत वरचं मिळतंय का बघा.

लोकांची चूक इथंच होते. “ते आपल्याला कुठलं मिळायला” म्हणून आवडीची जागा टाकतच नाहीत. जिथं नंबर लागंल असं वाटतं, ती वर टाकतात. ती मिळते आणि मग शेजारचा कमी रँकचा पोरगा बरी जागा घेऊन येतो तेव्हा डोकं धरून बसतात. गल्लीत चान्स काढणाऱ्यांनी जेवढी पोरं खाली आणली, तेवढी पेपरानंसुद्धा आणली नसतील. यादी आवडीप्रमाणं लावायची आणि लांब लावायची, एवढंच. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेला, म्हणजे कॅपला, मात्र जरा सांभाळून. तिथं पहिल्या पसंतीचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून तिथं पहिल्या ओळीवर मनात नसलेलं नाव चुकूनही नको.

आणि दुसरी गफलत रँकची. गेल्या वर्षीचा आकडा बघताना कुणी सर्वसाधारण यादीतला रँक धरतं, कुणी गटातला. जोसाच्या तक्त्यात ईडब्ल्यूएसच्या रकान्यासमोर जो आकडा असतो तो ईडब्ल्यूएसच्या यादीतला असतो. पोरीचा छप्पन हजार हा सगळ्यांतला. त्या दोन आकड्यांची तुलना करून वहिनी एक अख्खी रात्र रडल्या होत्या लातूरला. हे ऐकल्यावर काकूसुद्धा गप्प झाल्या.

“मग लागंल कुठं ते तर सांगा,” त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. “चान्स मोजायचा नाही म्हणता, पण गल्लीला काय सांगू?”

ह्यांनी मग, मोजायचं नाही म्हणत म्हणत, मोजलंच. मास्तर तो मास्तर. पवईचं कॉम्प्युटर नाही, त्यावर जीव टाकू नये. पवईची दुसरी एखादी शाखाही आजच्या आकड्यावर लांब आहे. कुठलीतरी आयआयटी, एप्रिलच्या मेनची गोष्ट सोडा, अ‍ॅडव्हान्स्ड चांगली गेली तर. तिथं मेनचा पर्सेंटाईल मोजत नाहीत, नव्यानं सुरुवात असते, त्यामुळं दार बंद नाही. खरी आशा नागपूरच्या व्हीएनआयटीला. तिथं मेनच्या रँकवर घेतात, अर्ध्या जागा महाराष्ट्रातल्या पोरांना, त्यात ईडब्ल्यूएस, त्यात मुलींच्या वेगळ्या. एप्रिलला पुन्हा बसायचं, दोन्हीतलं चांगलं धरतात. अठ्ठ्याण्णवच्या वर गेली तर बोलायलाच नको. आणि राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी द्यायचीच. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, २०२२ ला त्याचं विद्यापीठ झालं. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. ही नावं आयआयटी हुकली म्हणून घ्यायची नाहीत, ती आपली आपण मोठी आहेत.

“आणि जालना,” मी म्हणाले.

“जालन्याला काय?” काकूंनी अशा आवाजात विचारलं की जालना म्हणजे बियाणं आणायला जायचं गाव.

जालन्याला आयसीटीचा कॅम्पस आहे, २०१८ पासून. आयसीटी म्हणजे माटुंग्याची ती रसायन तंत्रज्ञानाची संस्था, जिला जुने लोक यूडीसीटी म्हणतात. १९३३ ची. रघुनाथ माशेलकर तिथले, मुकेश अंबानी तिथले. तिची मराठवाड्याची शाखा आमच्या जिल्ह्याच्या गावी, एसटीनं दीड-दोन तासांवर, आणि मंठ्यात दहा जणांना विचारा, आठ जणांना ती कशाची आहे ते सांगता येणार नाही.

“अंबानी शिकले ते कॉलेज जालन्याला?” काकूंचा विश्वास बसेना. मग म्हणाल्या, “पण जालन्याला लागली तर सांगायचं काय? घरचंच की.”

घरचं म्हणून कमी, हे आमच्याकडचं जुनं दुखणं. पोरगी लांब गेली की हुशार.

पैशाचं वहिनींनी सगळ्यात शेवटी विचारलं, आणि हळू. भाऊंनी दोन वर्षांचा कापूस लातूरच्या खोलीत घातलाय. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला दोन लाख, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं आणि त्यावर झोप लागत नव्हती. ह्यांनी सांगितलं, उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ती फी पूर्ण माफ, पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ. खोली-जेवणाचे वेगळे. राज्यातल्या कॉलेजला कॅपमधून गेली तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. वहिनींनी हे दोनदा विचारून घेतलं. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, तोही त्यांनी पिशवीतल्या वहीत लिहिला.

दाखल्याचं काय झालं, ते राहिलं. वहिनी सकाळीच सेतू केंद्रात गेल्या होत्या. खिडकीवरच्या पोरानं अर्ज बघितला आणि म्हणाला, काकू, आत्ता काढून काय उपयोग? आणि तो बरोबर होता. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो. अ‍ॅडव्हान्स्डच्या वेळी आणि जागा मिळताना त्याच वर्षीच्या एक एप्रिलला किंवा त्यानंतर निघालेला दाखला मागतात. ओबीसीच्या दाखल्यालाही तेच. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये रद्दी. वहिनींचा एसटीचा हेलपाटा फुकट गेला, पण एप्रिलमध्ये काय घेऊन यायचं ते पाठ झालं.

तेव्हा मंठ्यात, परतूरला, जिंतूरला, लोणारला ज्यांच्या घरी यंदा असं लेकरू आहे त्यांना एवढंच सांगणं: लेकराचा नंबर लागंल का, हे शेजाऱ्यांना विचारू नका, आम्हालाही नको. एक एप्रिल उजाडला की सातबारा, उत्पन्नाचा कागद आणि केंद्राचा नमुना घेऊन सेतूची खिडकी गाठा. जूनमध्ये तिथं रांग असते.